सिमेंट एकाच भावाचं, मग घराचा दर गावागणिक वेगळा का?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेली बरीचशी पत्रं घरांच्या आणि प्लॉटच्या दरांबद्दल आहेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतले खरे दर कसे काढायचे, ते रेडी रेकनरच्या प्रश्नाखाली सांगितलं आहे.

प्रश्न : मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. तिकडे दोन बेडरूमच्या फ्लॅटला ८०-९० लाख सांगतात. तेवढाच फ्लॅट साताऱ्यात विसावा नाक्याच्या बाजूला जवळपास निम्म्यात बसतो. सिमेंट, सळई, फरशी सगळं तेच. मग जादा पैसे नक्की कशाचे? (निवृत्त शिक्षक, कोरेगाव)

उत्तर : जमिनीचे. पण ही जमीन महाग का, हे उलट्या बाजूने पाहिलं तरच कळतं.

आधी बांधकाम घेऊ. आरसीसी इमारतीला दर बांधीव चौरस फुटाला साधारण ०.४ पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. ही गरज साताऱ्यात आणि पुण्यात सारखीच. पुण्यात मजुरी थोडी जास्त. इमारत उंच असली की सळई, लिफ्ट, अग्निशमन, तळघरातलं पार्किंग हे वाढतं. तरीही नुसत्या बांधकामापोटी घराची किंमत दुप्पट होत नाही.

आता बिल्डर जागा घेताना कसा हिशेब करतो ते बघा. समजा साताऱ्यात बांधीव चौरस फुटाला ४,५०० रुपये मिळतील असा त्याचा अंदाज आहे. त्यातून बांधकामाचे २,२०० गेले. परवानगी, आर्किटेक्ट, व्याज, जाहिरात यांचे ५०० गेले. १५ टक्के नफा म्हणजे ६७५ बाजूला काढले. उरले १,१२५. जागेसाठी तो एवढेच देऊ शकतो. चटई क्षेत्र, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं ते, १.१ धरलं तर एका गुंठ्यावर, म्हणजे १,०८९ चौरस फुटांवर, सुमारे १,२०० फूट बांधता येतं. तेव्हा गुंठ्याला त्याची झेप साडेतेरा लाखांच्या आसपास.

हाच हिशेब ९,००० रुपये दराच्या ठिकाणी करा. बांधकाम २,८००, इतर खर्च १,०००, नफा १,३५०. उरले ३,८५०. तिथे रस्ता रुंद असल्यामुळे चटई क्षेत्र २ मिळालं, तर गुंठ्याला जवळपास ८४ लाख. घराचा दर दुप्पट झाला, पण जागेचा दर सहापटीहून जास्त वाढला. जागा महाग म्हणून घर महाग, असं सगळे म्हणतात. खरा क्रम असा आहे की घराला गिऱ्हाईक जितकं देतं, त्यातून खर्च वजा जाऊन उरतं ते जागामालकाच्या पदरात पडतं. बिल्डर आपापसांत जागेसाठी चढाओढ करतात ती या उरलेल्या रकमेपर्यंत.

मग गिऱ्हाईक जास्त का देतं? ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या दर लाख कर्जाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. हाती ५० हजार पगार येणाऱ्या घराने निम्मा हप्त्यात घातला तरी कर्ज २९ लाखांच्या आतच राहतं. नवरा-बायको मिळून दीड लाख आणत असतील, तर तोच हिशेब ८६ लाखांपर्यंत जातो. अशी हजारो जोडपी एकाच पट्ट्यात, कंपनीपासून तासाभराच्या आत घर शोधत असतात, तेव्हा दर त्यांच्या हप्त्याच्या ताकदीएवढा चढतो. साताऱ्यात एमआयडीसी आहे, सरकारी नोकऱ्या आहेत, शेतीचा पैसा आहे. पण एवढ्या पगाराची एवढी माणसं एका जागी नाहीत.

दुसरी बाजू पुरवठ्याची. गिऱ्हाईक वाढलं आणि घरंही तितक्याच वेगाने वाढली, तर दर फारसा हलत नाही. पण रस्ता, पाणी, ड्रेनेज आणि मंजुरी यांना वर्षं लागतात. सातारा शहराचंच पाहा. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. वाढायला जागा उत्तरेला आणि पूर्वेला महामार्गाकडे. म्हणून गोडोली, सदर बझार, शाहूपुरी, विलासपूर हा भाग भरत गेला आणि २०२० च्या हद्दवाढीत त्यातली उपनगरं नगरपालिकेत आली. नगरपालिका आली की पाणी, रस्ते आणि बँकेचं कर्ज या तिन्हींची खात्री वाढते, आणि तेवढा दर चढतो.

प्रश्न : सांगलीत पेठभागात आणि नदीकडच्या भागात घर स्वस्त मिळतंय, विश्रामबागेत तेवढ्या पैशांत एक खोली कमी मिळते. पुराचं कारण सगळे सांगतात. पण पुरासाठी किती सूट रास्त, हे कसं ठरवायचं? (वाचक, सांगली)

उत्तर : हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सांगलीत पहिला प्रश्न हाच असायला हवा.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ मध्येही ते ५० फूट ओलांडून गेलं. म्हणजे वीस वर्षांच्या आत तीन मोठे पूर. ज्या घराच्या तळमजल्यात या तिन्ही वेळा पाणी आलं, तिथे प्रत्येक वेळी काय जातं ते लिहून काढा. फ्लश दरवाजे फुगतात, भिंतीतली वायरिंग आणि स्विच बदलावे लागतात, प्लास्टर ओलं राहून रंग सुटतो, फ्रिज-कपाटं जातात, आणि दीड-दोन महिने दुसरीकडे भाड्याने राहावं लागतं. हे सगळं मिळून दर वेळी तीन लाख धरले तर वीस वर्षांत नऊ लाख. तळमजला वरच्या मजल्यापेक्षा चार लाखांनी स्वस्त मिळत असेल, तर तो स्वस्त नाही. वरच्या मजल्याचं नुकसान कमी, पण मीटर, पंप आणि लिफ्ट खालीच असतात. तिथेही सूट मागायला हरकत नाही.

पाहणी अशी करा. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या गटाचा किंवा सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला घ्या आणि पूररेषेच्या नकाशावर जागा बघा. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधली जागा घरासाठी निषिद्ध. तिथला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी त्यावर घराचा नकाशा मंजूर होणार नाही. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटिमीटर वर घ्यावं लागतं. ते जोतं उचलायचा खर्च प्लॉटच्या दरातून वजा करूनच बोला.

यानंतर सर्व्हेअरकडून लेव्हल घ्या. शेजारच्या एखाद्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण असतेच. त्या खुणेच्या किती वर किंवा खाली आपलं जोतं येतं, ते सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. घर कोरडं राहिलं पण गल्लीत छातीएवढं पाणी होतं, अशी जागाही चार-आठ दिवस अडकवून ठेवते. म्हणून रस्त्याचीही लेव्हल विचारा.

शामरावनगरसारख्या सखल भागात नदीइतकाच पावसाच्या साचलेल्या पाण्याचा प्रश्न आहे, आणि जमीन काळी. तिथे मुरूम भरून प्लॉट उंच केलेला दिसला की बरेचजण समाधान मानतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भराव एकदम टाकून वरवर रोलर फिरवला असेल तर दोन पावसाळ्यांत तो बसतो, जोत्याची फरशी दबते आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. भराव वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर दाबत केलेला हवा. पाया भरावावर थांबता कामा नये. तो काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमापर्यंत गेला पाहिजे. कुठे हे दोन-तीन मीटर खोल असतं. पायासाठी लागणारा हा जादा पैसा विकणारा सांगत नाही.

घेतलंच, तर तीन गोष्टी लगेच करा. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे गटाराचं पाणी संडासातून उलटं येणार नाही. वीजमीटर आणि पंपाचा स्टार्टर पुराच्या खुणेच्या वर न्या. जमिनीतल्या टाकीचं झाकण रबरी गॅस्केटचं करा. घरविम्यात १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांची एकसारखी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे, तिच्यात पुराचा समावेश आहे. पॉलिसी पावसाळ्याच्या आधी घ्या आणि घरातल्या सामानाची रक्कम खरी लिहा.

प्रश्न : कुपवाडजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट शेजारच्या मंजूर लेआउटपेक्षा निम्म्या दराने मिळतोय. मालक म्हणतात, गुंठेवारी आहे पण काळजी नको. घ्यावा का? (वाचक, मिरज)

उत्तर : निम्मा दर हा कागदांच्या उणेपणाचा दर आहे. तो उणेपणा कितीत भरून निघतो, हे काढल्याशिवाय इसार देऊ नका.

मंजूर लेआउटमधल्या प्लॉटच्या दरात रस्ते, मोकळी जागा, बिगरशेती परवानगी आणि प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा यांची किंमत असते. दहा एकरांच्या लेआउटमध्ये विकायला सगळे दहा एकर उरत नाहीत. रस्ते आणि खुली जागा जाऊन उरतं त्यावरच सगळा खर्च बसतो. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या शेतजमिनीत, हे काहीच सोडलेलं नसतं. रस्ता म्हणजे नकाशावरची पेन्सिलची रेघ, आणि ड्रेनेज कुणाच्याच वाट्याला नाही.

शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीच्या नोंदणीला अडचण येते. बहुतेक ठिकाणी हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. या नियमांत अलीकडे बदल झालेत, तेव्हा तुमच्या जागेला आज काय लागू आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. तोवर व्यवहार होतात ते नोटरी केलेल्या कागदावर, वटमुखत्यारपत्रावर, किंवा पाच-दहाजणांच्या नावे एकत्र खरेदीखत करून. एकत्र खरेदीत सातबाऱ्यावर सगळी नावं सामाईक येतात. त्यातल्या एकाने कर्ज काढलं आणि थकवलं, तर बोजा सगळ्यांच्या उताऱ्यावर दिसतो.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. म्हणून मालकाकडे पहिला प्रश्न असा करा : त्या तारखेच्या आधी ही विभागणी झाल्याचा पुरावा काय? जुनं खरेदीखत, घरपट्टीची पावती, वीजबिल यापैकी काही हवं. दुसरा प्रश्न : नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का? नुसता अर्ज भरल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नाही. जागा पूररेषेत किंवा विकास आराखड्यातल्या आरक्षणात असेल तर प्रमाणपत्र मिळणं अवघड, आणि मग दर निम्मा काय, पाव असला तरी नको.

प्रमाणपत्र असेल तर नियमितीकरण आणि विकास शुल्क भरलं आहे का ते बघा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून नकाशाची ‘क’ प्रत घ्या. बँकेकडे लेखी विचारणा करा की या कागदांवर कर्ज देणार का. बँक नाही म्हणाली, तर उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा रोख पैसेवालाच गिऱ्हाईक मिळेल. अशी गिऱ्हाइकं थोडी असतात आणि दर पाडून मागतात. तुम्हाला आज मिळतोय तो निम्मा दर त्याच कारणाने आहे.

प्रश्न : कराडजवळ फ्लॅट घेतोय. रेडी रेकनरचा दर एक, बिल्डरचा दुसरा, एजंटचा तिसरा. खरा कुठला? (वाचक, कराड)

उत्तर : खरा दर म्हणजे गेल्या वर्षभरात त्याच भागात नोंदवल्या गेलेल्या व्यवहारांचा दर, आणि तो घरबसल्या काढता येतो.

रेडी रेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ते असतात. एका विभागात अनेक गट आणि रस्ते येतात आणि सगळ्यांना एकच दर लागतो. त्यामुळे मुख्य रस्त्यावर बाजारभाव रेकनरच्या वर आणि आतल्या बोळात खाली, असं सर्रास दिसतं. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेकनरचं मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर बसतं. रेकनरचं मूल्य करारातल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकरातही फरकाचा प्रश्न येतो, हे लक्षात ठेवा.

विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाकला की नोंदवलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २ उघडा. तिथे मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख दिसते. त्याच इमारतीचे किंवा दोन-तीनशे मीटरच्या आतले पाच-सहा व्यवहार घ्या. बक्षीसपत्र, हक्कसोड आणि नात्यातले व्यवहार वगळा. त्यातली रक्कम बाजारातली नसते. मोबदल्याला कार्पेट क्षेत्राने, म्हणजे घराच्या आत वापरायला मिळणाऱ्या क्षेत्राने, भागा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणून फूट करा. मग लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधला आकडा धरा. सरासरी नको, एखाद्या वेड्यावाकड्या व्यवहाराने ती बिघडते.

दोन गावांची तुलनाही याच पद्धतीने करा. एका गावचा जाहिरातीतला दर आणि दुसऱ्या गावचा नोंदवलेला दर समोरासमोर ठेवला तर फरक नसलेला दिसतो आणि असलेला लपतो.

प्रश्न : दर फुटावर सांगतात, पण हातात येणारा खर्च वेगळाच निघतो. तुलना कशावर करावी? (वाचक, इस्लामपूर)

उत्तर : रेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कार्पेट क्षेत्रावर आणि सगळे कर धरून. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेरात नोंदवलेला हवा, आणि विक्री कार्पेटवरच हवी. लहान गावांत अजून ‘सेलेबल’ फूट सांगतात. त्यात जिना आणि लॉबीचा वाटा धरलेला असतो. कार्पेट किती ते कागदावर लिहून घ्या आणि एकूण रकमेला त्यानेच भागा.

करांचा फरकही गावागणिक पडतो. सांगली महापालिका हद्दीत ४२ लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला, तर मुद्रांक ६ टक्के म्हणजे २ लाख ५२ हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि जीएसटी १ टक्का म्हणजे ४२ हजार. एकूण ४५ लाख २४ हजार. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटला मुद्रांक ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी तेच ३० हजार, पण जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. एकूण ८९ लाख ९० हजार. जीएसटीचा १ टक्का फक्त ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकत घेतलेल्या घराला जीएसटी नाही. घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक महापालिकेपेक्षा कमी.

कर्जाचंही बघा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. मुद्रांक आणि नोंदणी बहुतेक वेळा खिशातूनच. म्हणजे महाग भागात घर घेताना रोख रक्कम किमतीच्या पटीहून जास्त वाढते.

प्रश्न : आमच्या भागात गलाईवाल्या मंडळींनी मोठे बंगले बांधलेत. वडिलांनी गावात ४५ लाख घालून घर बांधलं. आता विकायचं म्हटलं तर कोणी २५ लाखांच्या वर बोलत नाही. बँकेचा मूल्यांकनकारही तेवढंच सांगतो. हे कसं? (वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : घराला लागलेला पैसा आणि घराची किंमत या दोन वेगळ्या रकमा आहेत, आणि विटा-आटपाडीच्या बाजूला हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं देशभर गेली. तिकडे कमावलेला पैसा त्यांनी गावात घर बांधून लावला. ही घरं गावातल्या उत्पन्नाच्या मानाने मोठी आहेत, कारण तो पैसा गावातला नाही.

पण विकायला काढल्यावर गिऱ्हाईक गावातलंच असतं. बाहेर कमावणारा माणूस दुसऱ्याचं घर घेत नाही, आपल्या वाटणीच्या जागेवर स्वतःचं बांधतो. गावठाणात त्याला जागा फुकट असते. मग तुमच्या घराला तो फार तर तेवढंच देईल, जेवढ्यात त्याला जुजबी घर बांधून होईल. पहिल्या उत्तरातला बिल्डरचा हिशेब इथे लावला तर बांधकाम खर्च वजा जाता जागेसाठी उरणारी रक्कम शून्याखाली जाते. म्हणूनच अशा गावात कुणी बिल्डर येत नाही, आणि घरं फक्त राहण्यासाठी बांधली जातात.

मूल्यांकनकार जागेची किंमत आणि बांधकामाची घसारा वजा जाता किंमत काढतो आणि मग विकलं जाण्याची शक्यता पाहून हात आखडता घेतो. संगमरवरी फरशी, पीओपी आणि कोरीव दरवाजा यांना तो जवळपास काही धरत नाही. विकायची घाई नसेल तर विट्यासारख्या तालुक्याच्या गावातले डॉक्टर, बदलीवर आलेले अधिकारी, शाळा, बँक यांना भाड्याने देऊन पाहा. मात्र मुख्य रस्त्यापासून घर लांब असेल तर तेही अवघड. नवीन बांधणाऱ्यांनी एवढं करावं : पाया तीन मजल्यांचा घ्या, पण आज राहण्यापुरतंच बांधा. मजला नंतर चढवता येतो, घातलेला पैसा बाहेर काढता येत नाही.

प्रश्न : पाचगणी-महाबळेश्वरला ना कारखाने ना कंपन्या. तरी तिथले दर साताऱ्याच्या किती तरी वर. आणि जावळीत कोयनेच्या जलाशयाकडे प्लॉट स्वस्त म्हणून जाहिराती येतात. काय समजावं? (वाचक, वाई)

उत्तर : पाचगणीच्या घराचा गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात कमावतो, त्यामुळे दर त्याच्या पगाराशी जोडलेला आहे, वाईच्या पगाराशी नाही. आणि बांधायला जागा थोडी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. उंची, उतार, झाडं, विहिरी यांवर बंधनं आहेत. मागणी बाहेरची आणि पुरवठा बांधून ठेवलेला, मग दर चढणारच. तिथली आधीच मंजूर झालेली जुनी बांधकामं म्हणून तर सोन्याच्या भावाने जातात.

जावळीच्या जाहिरातींबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हे पहिलं. उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ रकाना शब्द न् शब्द वाचा. तिथे ‘पुनर्वसनासाठी संपादित’ किंवा भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल, तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. सातारा-सांगलीत धरणग्रस्तांना दिलेल्या आणि लाभक्षेत्रातल्या जमिनींवर अशा नोंदी खूप आहेत. वनाची नोंद असेल तर तिथेच थांबा. प्लॉटला जाणारा रस्ता गाव नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून, तेही बघा. आणि मार्चनंतर पाणी कुठून येतं हे गावातल्या बायकांना विचारा, एजंटला नको.

प्रश्न : बदली सांगलीला झाली आहे. भाड्याने राहू की घेऊ? पुण्याचा फ्लॅट ठेवावा का? (वाचक, विश्रामबाग)

उत्तर : वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत, असं दोन्हीकडे काढा. ४० लाखांच्या फ्लॅटला महिना ९,००० भाडं असेल तर वर्षाला १ लाख ८ हजार, म्हणजे २.७ टक्के. गृहकर्जाचं व्याज त्याच्या तिप्पट. भाडं आजच्या पगारावर ठरतं, किमतीत पुढच्या वाढीची आशाही मिसळलेली असते. ज्या शहरात हा टक्का कमी, तिथे आशेचा भाग जास्त. बदली तीन-चार वर्षांची असेल तर भाड्यानेच राहा. खरेदीला मुद्रांक आणि नोंदणीतच सहा-सात टक्के जातात, ते इतक्या लवकर भरून निघत नाहीत.

प्रश्न : साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचा जुना वाडा आहे, सहा गुंठे. राजवाडा पाच मिनिटांवर. तरी गुंठ्याला शाहूपुरीतल्या मोकळ्या प्लॉटएवढाही दर येत नाही. (वाचक, सातारा)

उत्तर : तीन गोष्टी दर खाली ओढतात, आणि त्यातल्या दोन तुमच्या हातात आहेत.

हातात नसलेली म्हणजे बोळाची रुंदी. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे वाढीव चटई क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर मिळतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ते जवळपास नाहीच, आणि काँक्रीटचा ट्रक आत येत नसेल तर बांधकामही महाग पडतं. शेजारचे वाडे एकत्र येऊन पुढून रस्त्यासाठी जागा सोडायला तयार झाले, तर हे बदलू शकतं. नगरपालिकेच्या नगररचनाकाराला आधी विचारा.

दुसरी गोष्ट भाडेकरू. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे जुने भाडेकरू असतील, तर बिल्डर त्यांना द्यायच्या जागेची किंमत तुमच्या दरातून कापतो. कोण किती चौरस फुटांत आहे, पावती कोणाच्या नावे, पोटभाडेकरू कोण, ही यादी करून प्रत्येकाशी लेखी बोलणी आधीच करा. बोलणी झालेला वाडा आणि न झालेला वाडा यांच्या दरात मोठा फरक पडतो.

तिसरी वारसांची. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव असेल आणि मागे चौदा वारस असतील, तर कोणी गुंतवणारा हात घालत नाही. मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि वंशावळ घेऊन नगर भूमापन कार्यालयात वारसनोंद करून घ्या. बाहेरगावी लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या यांचा हक्क असतो. त्यांची नावं गाळून पुढे गेलात तर व्यवहार न्यायालयात अडकतो. ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, साध्या स्टॅम्पवरच्या सहीला किंमत नाही. हे सगळं झाल्यावर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि मगच दर विचारायला बाहेर पडा.